मिक्सरच्या डोक्यावरचा हात

सिंधूच्या वर्षश्राद्धाला आमचा मुलगा कौस्तुभ पुण्याहून आला तो रिकामी सुटकेस घेऊन. त्याला आईचा स्टँड मिक्सर न्यायचा होता. चटणी वाटायचा नव्हे, मोठ्या भांड्यात आकडा फिरवून कणीक मळणारा. आईचा खांदा धरला तेव्हा त्यानेच तो आणून दिला होता. आता मी एकटा, दोन पोळ्यांची कणीक हातानेच मळतो. तो नुसता पडून आहे, तिकडे त्याची लेक ऋचा केक करते, तिला उपयोग होईल, असं त्याचं म्हणणं. चुकीचं काही नव्हतं. पण ओट्यावरची ती जागा रिकामी बघायची माझी तयारी नव्हती.

मी म्हणालो, "उद्याच्या रोट्यांची कणीक मी यात करतो. नाही जमली तर घेऊन जा."

रोट्या म्हणजे आमच्या नागपूरकडच्या, उपड्या मडक्यावर टाकायच्या लांब रोट्या. आमरसाबरोबर सिंधूला त्याच लागायच्या, म्हणून नैवेद्यालाही त्याच. त्यांची कणीक हातातून ओघळेल इतकी सैल असते आणि ताण येईपर्यंत परातीत आपटत राहावी लागते. त्यातच सिंधूचा खांदा गेला. पुढे हे काम ती मिक्सरला लावायची आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहायची. पोराला राबवतेस आणि वरून आशीर्वाद देतेस, अशी मी चेष्टा करायचो.

सकाळी सिंधूच्या थोरल्या बहिणीने, सरोजताईंनी, मडकं गॅसवर चढवलं. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. रोटीचं बारीक पीठ त्यांनी नागपूरहून आणलं होतं, तेवढंच होतं. वाया गेलं तर पानावर साधी पोळी वाढावी लागेल, असं त्यांनी बजावलं.

मी पीठ, मीठ घालून मिक्सर सुरू केला आणि थोडं थोडं पाणी सोडत गेलो. कणीक आकड्याला धरून भांड्यावर आपटायला लागली. मिक्सर हादरत होता. पाण्याचा तांब्या भरून वळलो, तर मिक्सर जागेवर नव्हता. सरकत ओट्याच्या कडेला आला होता आणि त्याचा एक पाय बाहेर गेला होता. बटण पलीकडच्या बाजूला. मी तांब्या टाकला, त्याच्या डोक्यावर तळवा दाबला आणि सगळं वजन टाकलं.

तो थांबला. आकडा मात्र फिरत राहिला.

सिंधू तिथे हात का ठेवायची ते मला तेव्हा कळलं. कौस्तुभने तो धरून आत ढकलला, मी हात काढला नाही. त्याला पाणी घालायला सांगितलं.

सरोजताईंनी कणीक उचलली, हातांवर पसरवली. रोटी मडक्यापर्यंत पोचायच्या आत मधोमध फाटली. सुटकेस दारातच होती.

मी मिक्सरकडे बघत राहिलो.

"बघता काय, भाऊजी?" सरोजताई म्हणाल्या. "हाताने आपटली तरी एवढ्यात होत नाही. सिंधू काय लगेच थांबायची? फिरवा अजून."

फाटलेली कणीक त्यांनी परत भांड्यात टाकली. मी पुन्हा हात ठेवून उभा राहिलो. दंड भरून आला तरी तसाच.

या वेळी कणीक त्यांच्या बोटांतून तुटेना. रोटी कोपरापर्यंत ताणली, तिच्यातून त्यांच्या बांगड्या दिसायला लागल्या. त्यांनी ती मडक्यावर टाकली. अख्खी बसली.

पान वाढून झाल्यावर कौस्तुभ म्हणाला, "ऋचाला सुट्टीत इकडेच पाठवतो, बाबा. तिला शिकवा."

सुटकेस रिकामी कशाला न्यायची म्हणून सरोजताईंनी तिच्यात रोट्या ठेवल्या, फडक्यात घडी करून.