न उतरवलेला नैवेद्य

भात शिजला की पहिली वाफ बुद्धाची, मग माणसांची. जपानातल्या नोतोच्या किनाऱ्यावरच्या त्या घरात हा नेम कधी चुकला नव्हता. म्हातारी त्सुरुयो पितळी वाटीत भाताची मूद रचून देव्हाऱ्यात ठेवायची आणि दुपारच्या आत उतरवून स्वतः खायची. दाखवलेलं अन्न शिळं करणं म्हणजे बुद्धाचा अपमान.

पण तिच्या हृदयात जाळीची नळी बसवल्यापासून भाताशेजारी एक पांढरी गोळीही दिसू लागली होती, रक्त गोठू न देणारी. ती मात्र तिच्या पोटात कधी जायची नाही.

कशी जाणार? पहाट झाली की देव्हाऱ्यामागून तिचा नवरा खोकायचा. क्योहेइला जाऊन काही हिवाळे उलटले होते. त्याच्याही हृदयात अशीच नळी होती आणि रोज अशीच गोळी. दाढ काढायची ठरली तेव्हा हिनेच हट्ट धरला, "रक्त थांबायचं नाही हो, तोवर ती गोळी नका घेऊ." डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. दाढ निघाली, रक्त जेमतेम आलं. आणि पुढे मासळीचं जाळं सांधता सांधता माणूस अंगणात कलंडला. नळीतच रक्ताने गाठ धरली होती.

आज त्याची महिन्याची तिथी. देवळातले गुरुजी यायचे म्हणून सून मित्सुएने मेणबत्त्यांसाठी देव्हाऱ्याखालचा खण ओढला, तर आत गोळ्यांचा ढीग.

"आई! डॉक्टरांपुढे तर नंदीबैलासारखी मान डोलावता, रोज घेते म्हणून!"

"रोज देते ना."

"कुणाला?"

"तुझ्या सासऱ्यांना. मीच थांबवली होती त्यांची गोळी."

मित्सुए तिच्याकडे वळली. "आणि तुमचं काही झालं म्हणजे? तुमच्या लेकाला काय सांगू? आईंनी बाबांची औषधं चुकू दिली नाहीत म्हणून गेल्या?"

दारात गुरुजी केव्हाचे उभे होते. त्यांनी उपदेश केला नाही. देव्हाऱ्यापुढे बसले आणि थकल्या, पण सुरेल गळ्याने गाऊ लागले:

"अमिदाच्या घरी गेला, त्याची भूक सरली गं,
ताट तुझे पाहुनी तो, तूच जेव म्हणाला गं."

सूर थांबला तिथे दोघी सवयीने अमिदा बुद्धाचं नाव पुटपुटल्या.

"भात उतरवतेस ना, त्सुरुयो?"

"उतरवते."

"मग गोळीच का शिळी करतेस? मेलेल्यांना भरवणं आपल्या पंथात कुठे गं? तो तृप्त आहे."

"आणि मी केलं ते?"

"त्याचा भार अमिदाने केव्हाच उचलला."

तिने डोळे पुसले. "ही गिळली, तर ते यायचे नाहीत, गुरुजी."

गुरुजींनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही यायचे."

तिचा हात खणाकडे गेला, तशी मित्सुए ओरडली, "त्या सगळ्या नकोत हो! आजची एकच!"

त्सुरुयोने देव्हाऱ्यातली गोळी उतरवली, कपाळाला लावली आणि चहाच्या घोटाबरोबर गिळली. गुरुजी गेले, मित्सुएने ताटं मांडली, हाका मारल्या. ती तशीच त्या खोकल्यासाठी कान देऊन बसून होती. देव्हाऱ्यामागे आता नुसती भिंत होती.