प्रभूंच्या घरी

आपली बायको विमल गेल्याचं रावसाहेबांना कळलं तेव्हा ते दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहून चहा पीत होते. अकरा नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ती ओट्यापाशीच कोसळली होती. चर्चचे पाळकसाहेब आत गेले होते, ते बाहेर आले आणि रावसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, विमलाबाई प्रभूच्या घरी गेल्या."

रावसाहेबांनी उरलेला चहा पिऊन टाकला. प्यायची इच्छा नव्हती, पण कप हातात होता.

नंतर सगळे तेच म्हणाले. चर्चच्या मंडळीत असंच बोलायची पद्धत आहे. माणूस मरत नाही, प्रभूच्या घरी जातो. रावसाहेबांनाही ते बरं पडलं. घरी गेली म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही. ज्यांना ही बोली ठाऊक नव्हती, त्यांच्यापुढे ते मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स सरकवायचे आणि दुसरीकडे बघायचे. 'वारली' हा शब्द दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता.

विमल दर जानेवारीत चर्चच्या लोकांबरोबर तीन दिवस लोणी काळभोरला जायची. तिथे रोपवाटिकांमध्ये काम करणाऱ्या लोकांच्या मुलांसाठी एक छोटी शाळा आहे, चौथीपर्यंतची. कुणी भिंती रंगवायचं, कुणी नळ दुरुस्त करायचं, आणि विमल मुलांकडून वाचून घ्यायची. चर्चच्या वहीत याला 'मिशन' म्हणत. रावसाहेब कंपनीत फिटर होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ते कधी गेले नाहीत. "गोरे मिशनरी समुद्र ओलांडून आले," ते म्हणायचे. "तुम्ही हडपसरचा पूल ओलांडता. त्याला मिशन कशाला म्हणायचं?" विमल म्हणायची, "मग तुम्ही चला, म्हणजे पिकनिक म्हणू."

या वर्षी चर्चच्या चिटणीस उल्काताई घरी आल्या. "भाऊ, अठरा बाक खिळखिळे झालेत. आमच्या शौनकला लॅपटॉप कळतो, पाना कळत नाही. तुम्ही येताय."

रावसाहेब हत्यारांची पेटी घेऊन टेम्पोत बसले.

शाळेच्या दारात हेडमास्तर ज्ञानदेव सर उभे होते. उल्काताईंनी ओळख करून दिली, "हे विमलाबाईंचे मिस्टर."

"आरं तिच्या!" सरांनी दोन्ही हातांनी रावसाहेबांचा हात धरला. "बाईंचे मिस्टर! पोरांनो, बाईंचे मिस्टर आल्यात बघा." मग मागे टेम्पोत डोकावून म्हणाले, "आन् बाई? अजून प्रभूंकडंच हायेत व्हय?"

टेम्पोतल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ताईंचा मेसेज आलता ना डिसेंबरात," सर म्हणाले. "विमलाबाई प्रभूंकडे गेल्या आहेत, यंदा बाकीचे येतोय. म्हटलं पावणे असतील. कोकणातले का प्रभू? आमच्या सोसायटीत एक प्रभूसाहेब व्हते, लई सज्जन माणूस."

उल्काताईंचा चेहरा उतरला. "सर, तसं नाही... म्हणजे प्रभूंनी बोलावून घेतलं त्यांना."

"बोलावल्यावर जायाच पायजे," सर म्हणाले. "पर परत कवा येणार?"

त्यांनी प्रश्न रावसाहेबांकडे बघून विचारला होता. उत्तरही रावसाहेबांनीच द्यायचं होतं. पंधरा-वीस मुलं तोंडाकडे बघत होती. रावसाहेब म्हणाले, "बघू."

तो शब्द तोंडातून निघाला आणि चूक उल्काताईंची होती ती रावसाहेबांची झाली.

पहिला दिवस बाकांत गेला. रावसाहेब खाली मान घालून बोल्ट आवळत राहिले. मुलं येऊन बसायची, बाक हलवून बघायची. बाईंचे मिस्टर म्हणून त्यांना मान होता. एकानं विचारलं, "बाई घरी पण ओरडत न्हाईत का?" रावसाहेब म्हणाले, "घरी ओरडते." म्हणाले आणि पाना खाली ठेवला. 'ओरडायची' म्हणायला हवं होतं.

वाचनाच्या तासाला चौथीतली श्रद्धा पुस्तक छातीशी धरून बसली. उल्काताईंपुढे वाचेना, शौनकपुढेही वाचेना.

"ॲट लीस्ट एक लाइन तरी?" शौनक म्हणाला.

"बाईंनाच वाचून दाखवणार. गेल्या साली मला जोडाक्षरं येत नव्हती. आता हे अख्खं पान येतंय."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मंडळीनं वर्गातच उपासना केली. ती संपली तशी श्रद्धा रावसाहेबांजवळ आली.

"प्रभूंकडं पोरं हायेत का?"

रावसाहेब पेटी उघडून पाना शोधू लागले.

"त्यांना पण वाचाय शिकवत्यात व्हय बाई?" मग जरा थांबून म्हणाली, "त्यांचा फोन नंबर हाय का तुमच्याकडं? मी फोनवर वाचून दाखवते. पान लई मोठं न्हाय."

दुपारी जेवताना रावसाहेबांनी विषय काढला. शौनक म्हणाला, "अंकल, उद्या झेंडावंदन आहे, खाऊवाटप आहे. मुलांचा मूड कशाला घालवायचा? नंतर सरांना प्रॉपर फोन करू."

उल्काताई ताटातला भात चिवडत होत्या. "चूक माझी आहे. मी सांगते सरांना, निघताना."

"निघताना म्हणजे टेम्पोत एक पाय ठेवून," रावसाहेब म्हणाले.

"मग तुम्ही सांगता का, भाऊ?"

ते ताट घेऊन उठले. उल्काताईंना टोमणा मारला खरा, पण स्वतःच्या तोंडात शब्द नव्हता. त्या दुपारी त्यांनी एकाच बाकाचा एकच बोल्ट तीनदा काढला आणि तीनदा बसवला. तिसऱ्यांदा आटे झिजले.

सोमवारी सकाळी झेंडावंदन झालं. पहिली-दुसरीच्या मुलांनी जिलेबी खाल्ली आणि आयांचे हात धरून ती घरी गेली. तिसरी-चौथीची मुलं वाचनाच्या शेवटच्या तासाला थांबली. श्रद्धा आज नवी रिबीन लावून आली होती. तिनं दाराकडे तोंड करून बसायची जागा धरली.

रावसाहेब पेटी बाहेरच ठेवून वर्गात गेले. उल्काताई उठू लागल्या, त्यांना त्यांनी हातानंच बसवलं. ज्ञानदेव सर फळ्याजवळ होते.

"मुलांनो," रावसाहेब म्हणाले, "प्रभू म्हणून कुणी पाहुणे नाहीत. आम्ही देवाला प्रभू म्हणतो. विमलाबाई..."

इथे ते अडले. कुणी मदतीला आलं नाही, हे एक बरं झालं. मुलं वाट बघत राहिली.

"विमलाबाई वारल्या," ते म्हणाले. "नोव्हेंबरात. आता त्या येणार नाहीत."

मागच्या बाकावरच्या सूरजनं विचारलं, "वारल्या म्हंजी मेल्या?"

"ए सूरज!" सर ओरडले.

"ओरडू नका, सर. बरोबर विचारतोय तो," रावसाहेब म्हणाले. "हो रे. मेल्या."

शब्द तोंडातून गेला. नुकत्याच आवळलेल्या बाकाचा त्यांनी आधार घेतला. बाक हलला नाही.

श्रद्धा रडली नाही. तिला राग आला. "मंग काल का न्हाय सांगितलं? मी इचारलं व्हतं तुम्हाला."

"मला म्हणता येत नव्हतं."

"दोनच तर अक्षरं हायेत," ती म्हणाली.

मुलगी वर्षभर जोडाक्षरं घोकत बसली होती, आणि साठी उलटलेल्या माणसाला एक साधा शब्द उच्चारता आला नव्हता. तिनं पुस्तक पिशवीत घातलं. त्या दिवशी तिनं वाचलं नाही. रावसाहेबांनी आग्रहही केला नाही. तास तसाच संपला. दोघी-तिघी रडत होत्या. बाकीची मुलं, बाईंना काय झालं होतं, दुखलं का, कुठे पुरलं, असं विचारत राहिली आणि रावसाहेब एकेकाला सांगत राहिले. येरवड्याच्या दफनभूमीत, हो. अजून दगड बसवलेला नाही. नाही, फार दुखलं नाही. निदान डॉक्टर तसं म्हणाले.

बाहेर ज्ञानदेव सर त्यांच्याजवळ आले. "दोन दिस मी प्रभू प्रभू करत व्हतो तुमच्या तोंडावर," ते म्हणाले. "माफी करा."

"तुमची चूक नाही. मराठीच तशी आहे."

"बारक्यांना तुम्ही सांगाल का? पहिली-दुसरीच्या?" सर म्हणाले. "मी सांगाया गेलो तर मीबी कुणाच्या तरी घरीच धाडीन बाईंना."

रावसाहेबांनी मान हलवली. येत्या शनिवारी येतो म्हणाले. एकटाच येतो, बसनं.

टेम्पो निघाला. वाटेत उल्काताईंनी प्रार्थना सुरू केली आणि मध्येच थांबल्या. विमलाबाईंबद्दल बोलताना कोणता शब्द वापरायचा ते त्यांना सुचेना. मग त्या नुसत्याच आमेन म्हणाल्या.

त्या शनिवारी रावसाहेबांना ताप आला. पुढच्या शनिवारी ते स्वारगेटला स्टॉपपर्यंत गेले, लोणीची बस आली, भरलेली नव्हती, तरी चढले नाहीत. आता फेब्रुवारी संपत आला आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना अजून कुणी सांगितलेलं नाही.