मर्गिलानची सगळ्यात विनम्र सून

ऑपरेशनला बारा दिवस झाले होते आणि ओयदिन अजून प्रश्नचिन्हासारखीच चालत होती. मान पुढे, कंबर मोडलेली, दोन्ही हात पोटाशी. ताश्कंदच्या डॉक्टरांनी पोटावरची जादा कातडी कापून उरलेली शिवली होती, आणि ती इतकी ताणून शिवली होती, की सरळ उभं राहायला गेलं की हनुवटीपासून मांड्यांपर्यंत कुणीतरी एकच दोरा ओवलाय असं वाटायचं. बेंबीसुद्धा मूळ जागी राहिली नव्हती. कातडीला नवं भोक पाडून तिला तिथे बसवलं होतं.

"बदली झाली तिची," ओयदिन नवऱ्याला म्हणाली.

जासुर हसला नाही. त्याने ती शिवण एकदाच बघितली होती, आणि नंतर त्यालाच खुर्चीत बसवून गोड चहा पाजावा लागला होता.

चार वर्षांपूर्वी ओयदिन एकशे एकतीस किलोची होती. मग तिने जठर लहान करून घेतलं आणि दीड वर्षात तिच्यातली अर्धी बाई निघून गेली. कातडीला मात्र ही बातमी कुणी कळवलीच नाही. ती आपली जुन्याच मापाची राहिली, मालक गाव सोडून गेल्यावर मागे उभ्या राहिलेल्या तंबूसारखी. रोज सकाळी ओयदिन आपलं पोट सामशाच्या पारीसारखं दुमडून सलवारीत घालायची आणि मग शाळेत रसायनशास्त्र शिकवायला जायची. फळ्यावर लिहिताना दंडाखालची कातडी हलायची, तर मागच्या बाकावरच्या मुली वाऱ्याची दिशा सांगायच्या. मागच्या शरदात दंड झाले. आता पोट झालं. मांड्या राहिल्या होत्या. भिंती एकेक करून रंगवायला काढाव्यात, तशी ती भागाभागाने दुरुस्तीला निघाली होती.

कापलेली कातडी चार किलो दोनशे भरली, असं डॉक्टरांनी सांगितलं. सासूबाईंनी, म्हणजे तुर्सुनोय ओयींनी, फोनवर ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगल्या पोसलेल्या मेंढ्याची चरबीची शेपटी भरते गं एवढी." त्यांच्या आवाजात थोडं कौतुक होतं.

गल्लीत मात्र त्यांनी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. "नुसती कातडी काढायला कोण दवाखान्यात जातं? लोक म्हणतील, सुनेला घरकामाचा कंटाळा आला, म्हणून स्वतःलाच शिवायला टाकून आली."

हे सगळं ओयदिनला हसण्यावारी नेता येत होतं. कुशीतून निघालेली नळी आणि तिच्या टोकाला डाळिंबाएवढी प्लास्टिकची बाटली, तीही. ती बाटली ढगळ झग्याखाली कापडी पिशवीत लटकवून ती घरभर फिरे, आणि सकाळ-संध्याकाळ जखमेतलं किती पाणी जमलं ते वहीत लिहून ठेवी. ताप दिवसातून चार वेळा बघे. जखमेचा वास घ्यायला जमत नाही म्हणून तिने ओयींनाही एकदा विचारलं होतं, आणि ओयींनी, "मला कांद्याचा येतोय, पण तो माझ्या हाताचा असेल," असं प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

हसण्यावारी न जाणारी गोष्ट एकच होती. झेबो.

झेबो पावणेदोन वर्षांची, अकरा किलोची. आणि डॉक्टर म्हणाले होते, सहा आठवडे भरलेल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. घरी परतल्यावर पहिले काही दिवस झेबो यायची, दोन्ही हात वर करायची आणि वाट बघायची. ओयदिन म्हणायची, "आईला बाऊ झालाय राणी." झेबो हात आणखी वर करायची, जणू आईला नीट दिसले नसावेत. मग रडायची. मग ओयी येऊन तिला उचलून न्यायच्या. नवव्या दिवशी झेबो आली, आईकडे बघितलं, आणि हात वर न करताच वळून स्वयंपाकघराकडे गेली. दहाव्या दिवशीही तेच. अकराव्या दिवशीही.

ओयदिनने ते वहीत लिहिलं नाही. पण पाण्याच्या आकड्यांपेक्षा तेच तिला पाठ होतं. अजून एक महिना होता. एका महिन्यात एवढंसं मूल काय काय विसरतं, हे तिने फोनवर शोधायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला घाबरून बंद केलं.

तेराव्या दिवशी कोकंदहून खोसियत अम्मा आल्या.

खोसियत अम्मा म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, उंची जेमतेम, आणि सगळ्या कुळातल्या सुनांच्या सलामाची परीक्षा त्यांच्याकडे. पाहुणा दारात आला की सुनेने उजवा हात छातीशी धरून कमरेतून वाकायचं, आणि समोरच्याने आशीर्वाद दिल्यावरच वर यायचं. कोण किती वाकली, कोण घाईने उठली, कुणी वाकताना डोळे वर केले, हे अम्मांना वीस वीस वर्षं लक्षात असायचं. ओयदिनच्या लग्नात त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "ही वाकली तर परत उठेल का, की माणसं बोलवावी लागतील?" तेव्हा ओयदिनचं पोट मध्ये यायचं, ती वाकायची म्हणजे नुसती मान खाली घालायची.

आज अम्मा हर्नियाच्या रोग्याला बघायला आल्या होत्या. बरोबर त्यांच्या दोन सुना, हातात नानची चळत आणि तुपाचा डबा.

ओयदिन दारात उभी राहिली. म्हणजे वाकून उभी राहिली. उजवा हात छातीशी नेला, कारण डावा पिशवीवर होता.

"जुग जुग जग, लेकी," अम्मा म्हणाल्या.

ओयदिन तशीच.

अम्मांनी जरा थांबून पाहिलं. "मुलाबाळांनी घर भरू दे."

ओयदिन तशीच. तिला वर यायचं होतं, पण मान वर केली की टाके ओढायचे.

अम्मांच्या आवाजाला आता कंप सुटला. "अल्लाह तुझं सगळं चांगलं करो, माझे बाई! तुर्सुनोय, बघितलंस? तीन आशीर्वाद दिले, तरी वर येत नाही!" मग त्या सुनांकडे वळल्या. "तुम्ही दोघी. कोंबडीने दाणा टिपावा तसा सलाम करता. बघा जरा. आजारी आहे, पोट कापलंय, तरी बघा!"

थोरली सून हळूच म्हणाली, "कमरेत उसण भरली असेल, अम्मा."

"तुझ्या जिभेत भरू दे. परत करा सलाम. हिच्यासारखा."

दोघी वाकल्या. धाकटीने वाकल्या वाकल्या ओयदिनकडे असं बघितलं, की ओयदिनला वाटलं, आता इथेच सांगून टाकावं. ओयी ओढणीआडून डोळे मोठे करून "गप्प" म्हणत होत्या. पण खरं सांगायचं तर ओयदिन ओयींसाठी गप्प राहिली नाही. लग्नानंतर सहा वर्षांनी अम्मांच्या तोंडून कौतुक निघालं होतं आणि ते अंगावर ऊन पडावं तसं लागत होतं. एकशे एकतीस किलोंनी जे मिळालं नाही, ते कापलेल्या चार किलोंनी मिळवून दिलं होतं. माणूस किती स्वस्तात विकलं जातं, असा विचार तिच्या मनात आला, आणि तरीही ती आणखी बोटभर वाकली.

अंगणात तुतीच्या सावलीत, मोठ्या लाकडी तख्तपोसावर दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरली. ओयी पुलावाचा तांदूळ बघायला आत गेल्या. ओयदिनने तख्तपोसाच्या कडेशी उभं राहून चहा ओतला. वाकूनच.

"ओततानासुद्धा!" अम्मा म्हणाल्या. "अगं, पेला अर्धाच भरलास, तेही बरोबर. पाहुण्याने पुन्हा मागावा म्हणून. तुमच्याकडे काय शिकवतात शाळेत? रसायन? मग आमच्या पोरींना कुणी रसायन का शिकवलं नाही?"

"आम्हाला चहाच शिकवला नाही, अम्मा, म्हशी शिकवल्या," धाकटी म्हणाली.

"म्हणून म्हशीसारखी बोलतेस. हे बघ ओयदिन, पुढच्या महिन्यात आमच्या नातवाचं लग्न. नव्या नवरीचा सलाम असेल, दोनशे बायका असतील. तिच्याशेजारी तू उभी राहायचंस. तिला दिसलं पाहिजे."

पुढच्या महिन्यात मी सरळ झालेली असेन, असं ओयदिनच्या मनात आलं, आणि आपल्याला त्याचं वाईट वाटतंय हे बघून ती स्वतःवरच चिडली. देवा, लोक बरं होण्यासाठी नवस बोलतात.

तेवढ्यात झेबो पडली.

ती घरातून धावत आली होती. झाडाखाली पिकलेल्या तुतींचा चिखल झाला होता, त्यावर पाय सरकला आणि ती तोंडावर आपटली. क्षणभर आवाजच नाही. मग तो आला. ओठ फुटला होता की तुतीचा रस होता, लांबून कळेना. हनुवटी नुसती लालजांभळी.

ओयदिनच्या हातून किटली दस्तरखानावर टेकली की पडली, तिला आठवत नाही. ती निघाली होती. पण वाकलेलं माणूस धावत नाही, ते फक्त घाईत चालणारं प्रश्नचिन्ह असतं. झेबो स्वतःच उठली. तिने आईला येताना बघितलं. दोन पावलं पुढे आली. आणि थांबली. हात खाली होते. ती रडत रडत स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागली.

"अगं उचल ना!" अम्मा ओरडल्या. "पोर रक्ताळलंय आणि आई सलाम घालत उभी आहे! पुरे झाला आता मान! उचल तिला!"

ओयदिनने खरंच हात पुढे केले. अकरा किलो. किटलीचे किती होतात याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला, शिक्षकी पेशाला ते सुटत नाही. तिने झेबोच्या काखेत हात घातले, आणि पोटात एक बारीक गरम रेघ उठली. तिने हात काढून घेतले.

झेबो तिच्याकडे बघत होती. आश्चर्याने नव्हे. हेच होणार, हे माहीत असल्यासारखी.

"अम्मा," ओयदिन म्हणाली, आणि तिचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा तसा निघाला, "हा सलाम नाही. मी वाकलेली नाहीये. मला सरळच होता येत नाही."

ओयी हातात झारा घेऊन दारात आल्या.

"हर्नियाही नाही. मी जाडी होते ना, तुम्हाला आठवतंय, माणसं बोलवावी लागली असती तेवढी. बारीक झाले आणि कातडी लोंबत राहिली. ती कापून शिवलीय. ताणून शिवलीय. झग्याखाली बाटली आहे. आणि हिला मला उचलता येत नाही, अजून एक महिना उचलता येत नाही, आणि आता तर ती मागतही नाही." शेवटचं वाक्य शेवटच्या बाकापर्यंत गेलं नाही. ते तिथेच तुतींत पडलं.

तांदळाचा खरपूस वास येत होता.

"म्हणजे दारातला सलाम," अम्मा सावकाश म्हणाल्या, "तो टाक्यांचा?"

"हो."

"तिन्ही?"

"एकच होता, अम्मा. तो अजून चालू आहे."

धाकट्या सुनेने ओढणी तोंडात कोंबली. थोरली तिला चिमटा काढता काढता स्वतःच फुटली. अम्मांनी दोघींकडे बघितलं, मग तुर्सुनोय ओयींकडे, त्या झाऱ्याकडे बघत होत्या.

"मी तीन आशीर्वाद दिले," अम्मा म्हणाल्या. "दिलेले परत घेता येत नाहीत, नाहीतर घेतले असते. साठ वर्षांत एक धड सलाम बघितला, तोही डॉक्टरने शिवलेला." त्या तख्तपोसावरून उतरू लागल्या. दोन्ही सुना धरायला धावल्या, तर त्यांना कोपराने बाजूला केलं. "व्हा तिकडे. आणि तू, तुर्सुनोय. हर्निया म्हणे! मी कोकंदहून हर्नियासाठी तूप आणलं!"

"कातडीलाही चालतं तूप," ओयी पुटपुटल्या.

अम्मा झेबोपाशी गेल्या. तिची हनुवटी आपल्या ओढणीने पुसली; ओठ थोडा फुटला होता, बाकीचा रस होता. मग "या अल्लाह" म्हणत त्यांनी तिला उचललं, चार पावलं चालल्या आणि दस्तरखानाशेजारी, तख्तपोसाच्या कडेवर उभं केलं.

"इकडे ये," त्या ओयदिनला म्हणाल्या. "अशीच ये. सरळ व्हायची काही गरज नाही."

ओयदिन गेली. तख्तपोसावर उभी असलेली झेबो आणि वाकलेली ओयदिन, दोघींची तोंडं समोरासमोर आली. इतक्या जवळून बारा-तेरा दिवसांत त्यांनी एकमेकींना बघितलं नव्हतं. झेबोच्या पापणीला तुतीचा देठ चिकटला होता. ओयदिनने तो काढला.

झेबोने स्वयंपाकघराकडे बघितलं. ओयी तिथून हलल्या नाहीत. झेबोने आईच्या नाकाला बोट लावलं, ओढणीचं टोक खेचलं, तिच्या मागे कोण हसतंय ते वाकून बघितलं. तिला घाई नव्हती. मग तिने हात वर केले, सवयीने, आणि कुणी उचलायच्या आतच ते आईच्या मानेवर पडले, कारण मान तिथेच होती.

कितपत घट्ट धरावं, हे झेबोला कुणी शिकवलं नव्हतं. तिने सगळा भार टाकला. पोटातली ती गरम रेघ पुन्हा उठली, आणि ओयदिनने दोन्ही हात तख्तपोसाच्या कडेला टेकून तिचा भार पेलला.

"पुलाव जळतोय," थोरली सून म्हणाली.

"जळू दे," खोसियत अम्मा म्हणाल्या.