एकवीस तांबडी बासनं

हिंगोलीच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून तातेरावांना अठरा वर्षं झाली होती, आणि अठरा वर्षांत त्यांच्या कामावर बोट ठेवायला कुणी आलं नव्हतं. कौतुक करायलाही आलं नव्हतं. पण ते त्यांच्या तेव्हा लक्षात यायचं राहिलं. ते लक्षात आलं एकोणीसशे एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात, वाशीमहून शकुंतलाबाई कन्याशाळेत मास्तरीण म्हणून आल्यावर. बाईंनी वाचनालयातलं एक फाटकं पुस्तक घरी नेलं आणि तिसऱ्या दिवशी शिवून, पुठ्ठा चढवून परत आणलं. अध्यक्ष व्यंकटराव वकील चारचौघांत म्हणाले, "वा बाई! काय हात आहे तुमचा!"

त्या दिवशी तातेराव दोन घास कमी जेवले.

त्याच महिन्यात जवळच्या गोरेगावच्या एका शास्त्र्यांच्या घरून बेचाळीस हस्तलिखित पोथ्या बैलगाडीतून आल्या. कडा झडलेल्या, कसरीनं चाळण केलेल्या. वकिलांनी सरळ दोन वाटे केले. एकवीस पोथ्या तातेरावांनी दुरुस्त करायच्या, एकवीस बाईंनी. दोन कपाटांत ठेवायच्या. दसऱ्याला पोथ्या पूजेला मांडतात, तेव्हा उघडून बघायच्या. ज्याच्या चांगल्या निघतील, त्याच्याकडे दोन्ही कपाटांच्या किल्ल्या. तोवर किल्ल्या नेहमीसारख्या तातेरावांच्या जानव्याला.

तातेरावांनी गव्हाच्या खळीत मोरचूद घातला, कडांना कागद डकवले, वेखंडाचे तुकडे ठेवले आणि पोथ्या तांबड्या फडक्यांत अशा आवळून बांधल्या की वारासुद्धा परवानगी मागेल. बाईंनी चिंचोक्याची खळ शिजवली आणि आपली एकवीस बासनं बांधली.

"चिंचोके!" तातेराव घरी आल्या आल्या म्हणाले. "मोरचूद न्हाई, काही न्हाई. किड्यांना जेवणावळच घातली बाईनं."

"मग सांगा की तिला," त्यांची बायको जिवनबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या.

"मी काहून सांगू? वाशीमचं शहाणपण हाय ना तिच्यापाशी!"

"तुमी जळून राहिले."

"मी? त्या बाईवर? भाजीत मीठ न्हाई आज."

भाजीत मीठ बराबर होतं.

आषाढ लागला. दुपारी बारा ते तीन वाचनालय बंद असे, बाई शाळेत असत. तातेरावांनी बाईंचं कपाट उघडलं. एक बासन सोडलं. एकेक पान खिडकीशी नेऊन उजेडाला धरलं. नवं भोक एकही नाही. धुळीमुळे नीट दिसत नसेल, म्हणून पान उपरण्यानं पुसलं. तरी नाही. पोथी परत बांधली. दुसऱ्या दिवशी दुसरी, तिसऱ्या दिवशी तिसरी. एकविसावी झाली की पुन्हा पहिली. स्वतःच्या कपाटाकडे बघायचं कारणच नव्हतं. तिथं मोरचूद होता.

श्रावणात एकदा अकराव्या पोथीतून एक चंदेरी किडा सळसळत निघाला. याचीच तर वाट बघणं चाललं होतं! तातेरावांनी नुसतं बासन बांधून टाकलं असतं, तरी दसऱ्यापर्यंत काम फत्ते. पण अठरा वर्षांचा हात. मनाला विचारायच्या आत त्यानं किडा चिरडला. मग दिवसभर तातेराव स्वतःशी अबोला धरून बसले.

दसऱ्याला पाट मांडले, फुलं आली, वकील आले. बाईंची बासनं सुटली. पानं कोरडी, स्वच्छ, मोकळी. मग तातेरावांची सुटली. आत पांढरी बुरशी, पानाला पान चिकटलेलं. कडांना डकवलेल्या मोरचुदाच्या पट्ट्यांना कसरीनं तोंड लावलं नव्हतं. मधला मजकूर तेवढा खाल्ला होता.

"तातेराव, किल्ल्या," वकील हळूच म्हणाले.

तातेराव जानवं चाचपू लागले. गाठ सुटेना.

"थांबा वकीलसाहेब," शकुंतलाबाई म्हणाल्या. "बांधल्यापासून मी त्या पोथ्यांना हात लावला नाही. श्रावणात शाळेला सुट्टी होती, तेव्हा रस्त्यावरून पाहिलं. माझं कपाट उघडं होतं आणि हे खिडकीशी उभे राहून माझ्या पोथीचं पान पुसत होते. पुढच्या सुट्टीलाही तेच. असा वारा लागत राहिला, म्हणून वाचल्या त्या. माझ्या चिंचोक्यांचं काही नाही त्यात."

वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "स्वतःच्या सोडून यांच्या पोथ्या काहून पाहत होते तुमी?"

खोटं बोलायला तातेरावांना सवड मिळाली नाही. "भोकं शोधत होतो," ते म्हणाले.

आधी बाई हसल्या, मग वकील. तातेरावांचे कान लाल झाले.

"मग माझं कपाट यांच्याकडेच राहू द्या," बाई म्हणाल्या. "इतकं बारीक मी बघणार नाही. यांचं मात्र मला द्या. आता भोकं मी शोधते."

तसंच ठरलं. एक किल्ली जानव्यावर राहिली, एक बाईंच्या पदराला गेली.

पुढच्या रविवारी दोघं दोन कपाटांपुढे बसले. बाईंनी तातेरावांची एक पोथी उघडली, चिकटलेली पानं सुरीच्या पात्यानं अलगद सोडवली आणि पहिलं पान उजेडाला धरलं. तातेराव हातातलं पान पुसायचं विसरून तिकडेच बघत राहिले. बाई फारच मन लावून बघत होत्या. इतकं तर आपणही त्यांच्या पोथ्यांकडे बघितलं नव्हतं, असं वाटून त्यांनी उपरणं झटकलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.