पहिला दात

धाकट्याला वर्कशॉपमधून मीच हाकललं, उगाच बाबांवर ढकलत नाही. "वायरिंग तुझं, स्टार्टर तुझ्यामुळे फुटला, पुन्हा या गाडीला हात लावायचा नाही," असं चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. थोरली ना मी! आता सोमवारी तो दुसऱ्या गावी नोकरीवर रुजू होणार होता. बॅगही भरून झाली होती.

इंजिन जुनं, त्यावर कॉम्प्युटर आम्ही घरीच बसवलेला. किल्ली फिरवली की उलटी लाथ मारायचं. ठिणगी वेळेआधी पडतेय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण का? आठवडाभर धाकट्याची एकेक वायर तपासली. एकही चुकलेली नव्हती. माझा पारा आणखीच चढला.

शनिवारी सकाळी कॉम्प्युटरला सांगितलं, ठिणगी पिस्टन वर पोचायच्या दहा अंश आधीच टाकायची. नव्या स्टार्टरवर इंजिन फिरवून पुलीवर ठिणगीसरशी चमकणारा टायमिंग लाइट धरला, तर खूण वीसवर! सेन्सरसमोरच्या चाकाला छत्तीस दातांची जागा, त्यातला एक मुद्दाम काढलेला. पिस्टन वर असताना ती खाच सेन्सरसमोर यायला किती दात बाकी आहेत, ते मोजून कॉम्प्युटरला सांगायचं; एक जास्त सांगितला की ठिणगी एक दात आधी. एक दात म्हणजे दहा अंश.

आणि दात बाबांनी मोजले होते.

"बाबा, परत मोजा बरं."

त्यांनी बोट खाचेत ठेवलं. "एक," म्हणाले, आणि पुढच्या दातावर गेले. "दोन."

अहो, रिकामी जागाच मोजली होती त्यांनी! चाळीस वर्षं टायमिंग कानाने लावलेला माणूस. तिथे दात मोजावेच लागत नसत. मी एक आकडा बदलला आणि पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं.

बाबा स्टुलावर बसले. "वायर बदलली म्हणून सांग त्याला," म्हणाले, माझ्याकडे न बघता.

मला त्यांची दया आली आणि रागही आला. मी तिथेच, त्यांच्यासमोर फोन लावला.

"वायरिंग बरोबर होतं रे तुझं. दात मोजताना बाबांचं चुकलं. आणि मी शहानिशा न करता तुझ्यावर तोंड सोडलं. सोमवारचं रद्द कर."



"मला माहीत होतं, ताई."

"मग मेल्या, तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो होतो. दोनदा. तू ओरडत होतीस."

सोमवारी तो गेलाच.