मी खोटा माल नव्हतो

मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. माणसांशी मैत्री करावी असं मला आता मुळीच वाटत नाही. आगाशीच्या बाजारात जयवंतरावांच्या टायरच्या दुकानाबाहेर, गटाराच्या कडेला ट्रकचा एक जुना टायर पडलेला आहे, तो मी. येता-जाता तुम्ही माझ्यावर पाय ठेवून चपलेचा चिखल पुसता, वेफरची रिकामी पाकिटं माझ्या पोटात टाकता. टाका. पण आज माझी हकिकत ऐकूनच पुढे जायचं.

कारखान्याच्या तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगावर खोल, रेखीव नक्षी होती. तपासणाऱ्याने मला फिरवून, ठोकून, दाबून पाहिलं आणि बिनखोट म्हणून बाजूला ठेवलं. पुढे मी या दुकानात आलो आणि जयवंतरावांनी मला खास आपल्या मेहुण्यासाठी राखून ठेवलं. वटारचे रामचंद्र हे वसुंधराबाईंचे, म्हणजे जयवंतरावांच्या बायकोचे थोरले भाऊ. वाडीतली केळी, नारळ आणि भाजी त्यांच्या सहाचाकी ट्रकमधून बाजारात जायची. त्या ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकावर मी चढलो.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. हवा भरताना रामचंद्र मला थोपटायचे आणि भेटेल त्याला सांगायचे की भावोजींनी दिलेला टायर आहे, नुसता लोखंडासारखा. कौतुकाला पैसे पडत नाहीत, म्हणून माणसं ते सढळ हाताने करतात.

मग एका पावसाळ्यात निर्मळच्या वळणावर ट्रक खड्ड्यात आदळला आणि पुढचे पाटे तुटले. पाटे म्हणजे चाकांवरचा भार झेलणाऱ्या पोलादाच्या वाकलेल्या पट्ट्या. गॅरेजमध्ये ते बदलले, त्यांच्या टोकांतले रबरी बुश बदलले, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याची टोकंही नवी घातली. काम झाल्यावर मिस्त्री स्वच्छ शब्दांत म्हणाला, आता आधी अलाइनमेंट, म्हणजे यंत्रावर चाकं सरळ करून घ्या, मग माल भरा. रामचंद्रांनी त्याच्याकडे असं पाहिलं जणू तो भीक मागत होता. सगळं नवं घातलंय म्हणजे सगळं जागेवर बसलं, असं त्यांचं गणित. वाडीत केळीचे घड कापून ठेवले होते. ते ट्रक घेऊन थेट घरी आले.

खरं तर चाकं आतल्या बाजूला वळली होती. मी आणि उजवीकडचा माझा जोडीदार, दोघं एकमेकांकडे नाक करून पळत होतो. धावायचं पुढे आणि ओढलं जायचं तिरपं, असे आम्ही डांबरावर घासत चाललो होतो. ट्रक सरळ चालला असतानाही स्टिअरिंग कललेलं राहायचं. एवढी उघड खूण मिळाल्यावर तरी माणसाला कळायला हवं की नाही?

स्टिअरिंगच्या मधोमध जीवदानी देवीचं चित्र चिकटवलेलं होतं. रामचंद्रांच्या आई, आनंदीबाई, रोज सकाळी केबिनच्या पायरीवर चढून तिथे सोनचाफ्याचं फूल ठेवायच्या. त्यांना ते चित्र कललेलं दिसलं. देवी अशी वाकडी बरी नाही, म्हणाल्या. झालं. रामचंद्रांनी पाना घेतला, स्टिअरिंग उपसून काढलं, थोडं फिरवलं आणि परत घट्ट बसवलं. चित्र सरळ झालं, घर समाधानी झालं, शेजारीही बघून गेले. खाली चाकं होती तशीच राहिली आणि जी एक खूण दिसत होती तीही गेली. माझ्याकडे वाकून कोणी पाहिलं नाही. मला राग आला होता, अजून आहे.

बघता बघता माझी बाहेरची कड गोटा झाली. आतली नक्षी शाबूत आणि बाहेर सपाट, वर हात फिरवला तर करवतीसारखे दाते लागायचे. रामचंद्रांनी मला काढलं, इथे आणलं आणि भर बाजारात या दुकानापुढे आपटलं. गिऱ्हाईकं उभी होती. वसुंधराबाई वरच्या खिडकीत होत्या.

"भावोजी, जुन्या टायरवर रबर चढवून नवा म्हणून विकलात. सख्ख्या मेहुण्याला खोटा माल दिलात."

जयवंतराव खाली बसले आणि त्यांनी माझ्या कडेवरून बोटं फिरवली. त्यांना तत्क्षणी कळलं. मला ते बोटांतून जाणवलं. 'गाडी अलाइनमेंटला ने' एवढं बोलले असते तरी सगळं तिथेच मिटलं असतं. पण चारचौघांत चोर ठरवला गेलेला माणूस खरं बोलत नाही, उलटा वार करतो.

"गाडी चालवायची अक्कल नसेल तर बैलगाडी घे," ते म्हणाले आणि आत गेले.

त्या दिवसापासून वसुंधराबाईंचं माहेर बंद झालं. नवरा जा म्हणत नव्हता, भाऊ ये म्हणत नव्हता. गणपतीत त्या वटारला गेल्या नाहीत. आनंदीबाईंचा फोन आला की त्या दुकानाच्या मागे जाऊन हळू आवाजात बोलायच्या आणि पदराने डोळे पुसून परत यायच्या. आणि बोल कोणाला? मला. ह्या मेल्या टायरपायी झालं सगळं, म्हणायच्या. मी त्यांना कधी दुखवलं नव्हतं.

रामचंद्रांनी नालासोपाऱ्याहून दुसऱ्या कंपनीचा टायर घेतला होता. दिवाळीच्या आधीच त्याचीही तीच कड गेली. मग मात्र ते गुपचूप वालीवला गेले आणि त्यांनी यंत्रावर चाकं सरळ करून घेतली. हे मला कळलं, कारण भाऊबिजेला ट्रक समोरच येऊन उभा राहिला तेव्हा माझ्या जागेवरचा नवा टायर नाकासमोर बघत होता. जयवंतरावांनीही आधी तेच पाहिलं.

रामचंद्र मिठाईचा पुडा घेऊन उतरले. दारात वसुंधराबाई ओवाळणीचं ताट धरून उभ्या होत्या, ज्योत हलत होती. आता हा माणूस बोलेल, मला वाटलं. मी अंग ताठ करून वाट पाहत होतो.

"भावोजी, दुसराही तसाच निघाला," रामचंद्र म्हणाले. "हल्ली टायरच धड येत नाहीत."

जयवंतरावांनी ट्रककडे पाहिलं, मग बायकोकडे.

"नाहीत येत," ते म्हणाले. "चल वर."

दोघांनाही ठाऊक होतं की हे खोटं आहे. वर हसणं ऐकू आलं, फराळाच्या बशा वाजल्या. वसुंधराबाई किती तरी दिवसांनी मोठ्याने बोलत होत्या. त्यांना भाऊ मिळाला, याचं मला वाईट वाटत नाही. पण त्याची किंमत माझ्या नावावर टाकली.

मित्रांनो, ट्रक असो की मोटार, पुढचे पाटे, बुश, दांडा, काहीही बदललं की अलाइनमेंट लागतंच. त्याच दिवशी करून घ्या. आळस केलात तर निदान झिजलेल्याला खोटा म्हणू नका. त्याला तोंड नसतं.

निघताना रामचंद्र माझ्यापाशी थबकले. "हा अजून ठेवलाय?" त्यांनी विचारलं.

"उद्या भंगारात देतो," जयवंतराव म्हणाले आणि दोघंही मला वळसा घालून गेले.