मला नुसतंच तोंड आहे

मी एक जुना कर्णा आहे, मित्रांनो. ब्रनो शहरापासून बसने जवळच ओल्शानका नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथे तळ्याकाठच्या खांबावर मी राहतो. कारखान्यात मला करडा रंग दिला होता. आता जो दिसतो तो बराचसा गंज आहे.

माझं काम सोपं. ग्रामपंचायतीतल्या लिबुशेबाई आधी बँडचं गाणं लावतात, मग बातमी सांगतात. कोंबड्या विकणारी गाडी चौकात आली, उद्या पाणी बंद, अमक्याचे आजोबा वारले. पूर्वी गाणं सुरू झालं की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. तेव्हा माझा काय रुबाब होता!

पुढे गावची तरुण मंडळी शहरात गेली आणि शहरातली माणसं इथे घरं बांधू लागली. त्यांना बातम्या मोबाइलवर हव्या होत्या. समोरच्या नव्या घरातले राडेक तर माझ्यावर खार खाऊन होते. त्यांची तान्ही लेक माझ्या गाण्याने दचकून उठायची. त्यांनी सरपंचांकडे तक्रार केली आणि मला उतरवायचं जवळजवळ ठरलं.

मला वाईट वाटलं ते हेडविका आजींसाठी. खांबाशेजारच्या घरात त्या एकट्याच राहत. मोबाइल नाही, पायही दुखरे. मी बोलू लागलो की त्या खिडकी उघडून उत्तर द्यायच्या, "नमस्कार गं लिबुशे! कोंबड्या नकोत बाई, आहेत त्याच डोक्यावर बसल्यात!" पण मला नुसतंच तोंड आहे. त्यांचा शब्द मी पलीकडे कसा पोचवणार?

एके सकाळी लिबुशेबाई बातमी संपवून माइक बंद करायला विसरल्या. त्यांचं सरपंचांशी चाललेलं बोलणं गावभर ऐकू येऊ लागलं.

"काढून टाका तो कर्णा. मी इथे बोंबलते, पण ऐकतंय कोण? इतक्या वर्षांत कुणी हूं की चूं केलं नाही."

आजींचे डोळे भरून आले. "अगं, मी रोज बोलते की! रोज!" त्या खिडकीतून मलाच ओरडून सांगू लागल्या.

राडेक रडणाऱ्या लेकीला बाबागाडीत घालून पंचायतीत भांडायलाच निघाले होते. ते फाटकाशी थबकले.

"आजी, खांबाशी काय बोलताय?"

"खांबाशी नाही रे, लिबुशेशी! तिला सांग ना कुणीतरी."

राडेकांनी बाबागाडी आजींच्या दाराशी आणली. मग म्हणाले, "तुम्हीच सांगा. चला, गाडीला धरा."

बाबागाडीचा दांडा धरून आजी हळूहळू चालत गेल्या. मी जीव मुठीत धरून वाट बघत होतो. बऱ्याच वेळाने माझ्यातून दार करकरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आजींचा.

"नमस्कार गं लिबुशे. बरी आहेस ना?"

लिबुशेबाईंचं हुंदके देणं मग सगळ्या गावाने ऐकलं.

मी अजून खांबावरच आहे. दुपारी मात्र गप्प राहतो, राडेकांची लेक झोपलेली असते. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी रोज हाक मारत असेल. त्या हाकेला ओ देता ना? मग ती ओ हाक मारणाऱ्यापर्यंत पोचते का, तेवढं एकदा जाऊन बघा.